इंजिन धुवा, पण बेताने



हंगाम संपला की ट्रॅक्टर आणि घरची मोटार धुवायची घाई होते. हल्ली त्यासाठी प्रेशरचा पंप मिळतो. बॉनेट उघडायचे अन् बोअरच्या पाण्याची धार थेट इंजिनावर सोडायची, ही रीत आम्हांस पसंत नाही.

आपली भातकुली पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. पाणी वाळते, मीठ मागे राहते. प्रेशरने ते वायरीच्या जोडांत शिरले की तांब्यावर हिरवा थर चढतो आणि ऐन पेरणीत सेल्फ उचलत नाही. मग 'काहून बंद पडली बापा?' म्हणून दोष मिस्त्रीला!

पिण्याचे गोडे पाणी पंपाने उडवणेही शोभत नाही. शेततळ्यातले पावसाचे पाणी गाळून घ्यावे, तेही बेताचेच.

इंजिन पूर्ण निवू द्यावे. तापल्या डिझेल पंपावर गार पाणी पडले तर तो जाम होऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. अल्टरनेटर, फ्यूजपेटी, एअर फिल्टरचे तोंड आणि नव्या गाडीतली कॉम्प्युटरची पेटी प्लॅस्टिकने बांधावी. तेलकट मळ साबण व ब्रशने सैल करावा. धार हलकी, पसरट, दोन हात लांबून; रेडिएटरवर जोर नको, पत्र्या वाकतात. शेवटी प्लॅस्टिक सोडून, पुसून, बॉनेट उन्हात उघडे ठेवावे. सारे खडखडीत वाळल्यावरच वायर जोडावी.

इंजिन चकाकले नाही तरी चालेल, हंगामात ते चालले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.