नव्वद दिवसांचा दाखला

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशभर लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 6 नुसार दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. बाहेरगावच्या मजुराच्या बाबतीत या तरतुदीचा उलटा वापर होण्याचा धोका आहे. नियुक्तिपत्र दाखवा, नाहीतर कामगार असल्याचे सिद्ध होत नाही, असे खिडकीवरूनच सांगून अर्ज परत करण्याची सवय जुनी आहे. आता तिला नवे निमित्त मिळाले.

कागद नसलेला स्थलांतरित म्हटले की सीमा ओलांडून आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईतील बांधकामावर दिसतो तो बहुधा वेगळाच असतो. कटिहार, मालदा, कलबुर्गी किंवा नांदेडहून आलेल्या या माणसाच्या खिशात आधार आणि मतदार ओळखपत्र असते. देशाचा कागद त्याच्याकडे आहे, कामाचा नाही. मुकादमाच्या शब्दावर तो रुजू होतो, आठवड्याला खर्ची घेतो आणि पूर्ण हिशेब गावी जाताना मागतो. पैसे बुडतात ते त्याच वेळी.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, 1979 प्रमाणे ठेकेदाराने अशा मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यायचे होते. किती जणांना ते मिळाले, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारावे. शिवाय तो कायदा ठेकेदाराने आणलेल्यांपुरताच होता. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःहून आलेला मजूरही धरला आहे, ही सुधारणा खरी. पण पाच स्थलांतरितांची मर्यादा दहावर गेली, विस्थापन भत्ता गेला, आणि नांदेडहून पुण्याला आलेला मजूर राज्याची हद्द न ओलांडल्यामुळे पूर्वीसारखाच बाहेर राहिला.

सर्वांत मोठी अडवणूक होते ती बांधकाम कामगारांच्या नोंदणीत. लाभार्थी होण्यासाठी मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचे काम केलेले असावे, ही 1996 च्या कायद्यातली अट सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये तशीच उतरली आहे. ते 90 दिवस कोणत्या कागदाने सिद्ध करायचे, हे कलम सांगत नाही. व्यवहारात दाखला मागितला जातो तो मालकाचा, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. मजूर वर्षात सहा साइटवर पंधरा-पंधरा दिवस राबला, तर त्याने सहा ठेकेदारांच्या सह्या गोळा करायच्या. त्यांतले दोघे पुढच्या कामावर गेलेले असतात, दोघे फोन उचलत नाहीत. उरलेल्यांना सही दिली की भविष्य निर्वाह निधी आणि किमान वेतनाचा प्रश्न अंगावर येईल, हे पक्के ठाऊक असते. ज्याचा कागद न देण्यात फायदा, त्याच्याचकडे कागद मागायला मजुराला पाठवले जाते. ग्रामसेवकाने तरी शहरात झालेल्या कामाची साक्ष कशी द्यावी?

मजूर राबतो त्या इमारतीच्या खर्चावरचा एक टक्का कामगार कल्याण उपकर मात्र बांधकाम परवानगीच्या वेळीच जमा होतो. म्हणजे इमारतीवर मजूर राबणार हे शासनाला पाया खणण्याआधी मान्य असते. स्लॅब टाकल्यावर तो मजूर समोर उभा राहिला की मान्य नसते. उपकराची पावती, साइटचा पत्ता आणि कामाचा कालावधी अधिकाऱ्याच्या दप्तरात असतो. कामावर जाऊन हजेरी पाहणे अशक्य नाही. ते केले जात नाही. केंद्राच्या 1998 च्या नियमांत नोंदणीकृत कामगार संघटनेचा दाखलाही विचारात घेण्याची वाट होती, ती सर्वत्र रुळायला हवी होती. सामाजिक सुरक्षा संहितेचेच कलम 113 असंघटित कामगाराची नोंदणी स्वयंघोषणेवर करते. भाजीविक्रेत्याचा शब्द चालतो आणि सेंटरिंगवाल्याचा चालत नाही, याला कोणतेही समर्थन नाही.

वेतनाच्या दाव्यात कायदा मजुराच्या बाजूला अधिक स्पष्ट आहे. वेतन संहितेचे कलम 59 सांगते की वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कामावर होता एवढे मात्र मजुराला दाखवावे लागते. हदीमानी प्रकरणात (2002) सर्वोच्च न्यायालयाने वर्षात 240 दिवस काम केल्याच्या पुराव्याचा भार कामगारावर टाकला. येलट्टी प्रकरणात मात्र कामगार साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर मालकाकडून मस्टर मागवण्याचा मार्ग दाखवला गेला. या दुसऱ्या निकालाचा उपयोग पुरेसा होत नाही. मस्टर हजर करण्याचा अर्जच न देता युक्तिवादाला उभे राहणारे वकील कामगाराचे नुकसान करतात.

नागरिकत्वाचा प्रश्न निघाला तरी केलेल्या कामाची मजुरी बुडत नाही. वेतन संहितेतील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. संविधानाच्या अनुच्छेद 23 मधले वेठबिगारीविरुद्धचे संरक्षण नागरिकांपुरते नाही, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठच, हे एशियाड मजुरांच्या प्रकरणात 1982 मध्येच ठरले. अमेरिकेत हॉफमन प्रकरणाने (2002) बेकायदा काढून टाकलेल्या, कागद नसलेल्या कामगाराला न केलेल्या कामाचे वेतन नाकारले. केलेल्या कामाचे किमान वेतन तिथेही देणे लागते. 2025 मध्ये बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली, तेव्हा भारतीय नागरिकही त्यात सापडले. अशा तपासणीच्या काळात मजूर हिशेब मागायला घाबरतो आणि ठेकेदाराला ते माहीत असते. थकबाकीच्या दाव्यात प्रतिपक्षाने नागरिकत्व काढले, तर तो मुद्दा असंबद्ध म्हणून तिथेच अडवला पाहिजे.

पुरावा शोधायचा तो जिथे मजूर वावरतो तिथे. फाटकावरची नोंदवही, बोटांच्या ठशांची हजेरी, मुकादमाची डायरी, खर्ची फोनवरून पाठवल्याची नोंद, साइटच्या गटावरचे संदेश, लेबर कॅम्पमधल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे. हे सारे मजूर गाडीत बसण्याआधी गोळा व्हावे. गावी गेल्यावर फोनचा नंबरही बदलतो. तोंडी नकार स्वीकारू नये, अर्जावर पोच आणि नामंजुरीचे लेखी कारण घ्यावे. दाव्याची मुदत वाढून तीन वर्षे झाली आहे, आणि मंजूर रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दावा नोंदणीकृत संघटनाही दाखल करू शकते, फक्त मजूर तिचा सभासद हवा. म्हणून संघटनांनी सभासदत्वाची पावती पुस्तके घेऊन नाक्यावर आणि कॅम्पवर जावे, दिवाळीत आणि होळीत गाड्या भरण्याच्या आधी.