घड्याळाचा तास आणि नांगराचा तास

महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्हाला एक उपदेश मिळाला : अभ्यासाचे वेळापत्रक करा, भिंतीवर लावा आणि काटेकोर पाळा. उपदेश तळमळीचा होता; मी तो मनावर घेतला. दिवाळी आटोपताच पिशोरच्या घरी, अद्रकाच्या गोण्या रचलेल्या खोलीत, मी वेळापत्रक चिकटवले. रात्री ८ ते १० अर्थशास्त्र, पहाटे ५ ते ७ इतिहास. ते तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी शेतपंपाच्या विजेची पाळी रात्रीवर गेली आणि गव्हाला पाणी देताना दारे धरायला मला वडिलांबरोबर जावे लागले. त्या सत्रात अर्थशास्त्र राहिले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे चूक वेळापत्रकाची असेल हे मनातही आले नाही. अभ्यास आपल्या रक्तातच नाही, असे वाटले. शिक्षण सोडण्याचा विचारही मी केला होता.

पुढे एका मित्राने 'पोमोडोरो' नावाची पद्धत दाखवली. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना ती शोधली. पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. त्याच्याजवळचे स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळ त्या आकाराचे होते. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. गंमत अशी की आपली घटिकाही २४ मिनिटांचीच. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटिका, आणि अशा ६० घटिकांचे एक अहोरात्र. म्हणजे टोमॅटो परका असला तरी माप फारसे परके नाही.

या पद्धतीने मला बसायला शिकवले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पुस्तक उघडण्याचीच धास्ती असते तेव्हा 'फक्त २५ मिनिटे' हा दिलासा मोठा असतो. परंतु इतिहासाचे प्रकरण उलगडू लागे, मुद्द्याला मुद्दा जुळू लागे, आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजे. उलट अर्थशास्त्रातील आलेखांपुढे पंधराव्या मिनिटालाच अक्षरे हलू लागत आणि उरलेली १० मिनिटे मी केवळ घंटीची वाट पाहत बसे.

ही अडचण आजोबांना सांगितली. ते शाळेत गेलेले नाहीत. उभे आयुष्य त्यांनी नांगर धरला. ते म्हणाले, "बैल दमला की सोडावा. पण तासाच्या मधी सोडू नाही, बांधाला नेऊन सोडावा."

घड्याळाचा साठ मिनिटांचा तोही तास आणि नांगराने ओढलेली रेघ तोही तासच! घड्याळाचा तास सर्वांना सारखा. नांगराचे तसे नाही. भुसभुशीत रानात बैल पुष्कळ तास ओढतो. बरड जमिनीत लवकर थांबावे लागते. म्हणून त्या बैलाला कोणी आळशी म्हणत नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. बसलो की वेळ लिहितो. मन उठू लागले की हाती असलेला मुद्दा पुरा करून थांबतो आणि पुन्हा वेळ लिहितो. विश्रांती कामाच्या मानाने घेतो. अर्ध्या तासाला ५-६ मिनिटे, दीड तासाला १५-२०. महिनाभराने वही वाचली तेव्हा माझेच रान मला कळले. इतिहास ५० मिनिटे, कादंबरी दीड तास, अर्थशास्त्र जेमतेम २० मिनिटे. रात्रभर पाणी देऊन आल्यावर केलेला अभ्यास जवळजवळ वाया जाई; एस.टी.च्या थांब्यावरची २० मिनिटे मात्र पक्की असत. राहिलेला विषय पुढच्या खेपेस सुटला.

कोणी म्हणेल, ही तर ढिलाईला मुभा झाली. शंका रास्त आहे. घंटीही नाही आणि नोंदही नाही, तर मोबाईल सारी दुपार गिळतो. तोही अनुभव मी घेतला आहे. म्हणूनच वही हवी. काटा सैल असला तर चालेल, हिशेब सैल असून चालणार नाही.

मित्रहो, ठरावीक वेळापत्रक वाईट नव्हे. ज्याची संध्याकाळ त्याच्या मालकीची आहे, त्याने ते खुशाल पाळावे. पण आपल्यापैकी किती जणांची संध्याकाळ आपली असते? मुलांना गोठा आणि पाणी, मुलींना भाकरी आणि धाकटी भावंडे. अशांना भिंतीवरचा कागद दररोज नापास करतो, आणि रोज नापास होणारा एके दिवशी यायचाच बंद होतो. म्हणून गुरुजनांना नम्र विनंती की, 'किती तास अभ्यास केलास?' याऐवजी 'कोठवर आलास?' असे आम्हाला विचारावे.

हल्ली आजोबा रात्री माझ्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, "किती तास झाले रे?" मी घड्याळाकडे न पाहता सांगतो, "दोन झाले आजोबा, तिसरा बांधाला आलाय."