खेळाडूचे दुखणे आणि टनाला आठ आणे



आपल्या या पत्रकात लागणीच्या तारखा, खतांचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम आणि बिलांची माहिती येत असते. तीच आपली मुख्य कामे आहेत. परंतु आपल्या गावागावांतून कबड्डीचे संघ आहेत, तालमी आहेत, टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात, यात्रेत कुस्त्यांचा आखाडा होतो. त्या मैदानावर उतरणारी पोरे आपल्याच घरची असतात. म्हणून या वेळी थोडे खेळाडूंच्या दुखण्याबद्दल लिहावे असे आम्हांस वाटले.

खेळाडू धडधाकट असतो तोवर तो साऱ्या गावाचा असतो. अंथरुणाला खिळला की तो फक्त घरच्यांचा उरतो. हे चित्र खेड्यातच दिसते असे नाही. ज्या खेळात पैशाचा पूर वाहतो त्या क्रिकेटमध्येही ते अलीकडेच दिसले.

अंशुमान गायकवाड हे नाव आपल्यापैकी वयस्कर मंडळींना चांगले आठवत असेल. बडोद्याचे हे मराठी घराणे. वडील दत्ताजीराव १९५९ साली इंग्लंडच्या दौऱ्यात भारताचे कर्णधार होते. अंशुमान ४० कसोटी सामने खेळले. १९७६ साली जमैकाच्या किंग्स्टनला वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी अंगावर चेंडूंचा मारा चालवला, तेव्हा ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला आणि त्यांना थेट दवाखान्यात न्यावे लागले. त्या काळी फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. पुढे १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ, खेळपट्टीवर पाय रोवून २०१ धावा काढल्या. १९९९ साली दिल्लीला अनिल कुंबळे यांनी एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक हेच गायकवाड होते.

अशा माणसाला रक्ताचा कर्करोग झाला. उपचार लंडनला चालले होते. संदीप पाटील त्यांना भेटायला गेले, तेव्हा पैशांची गरज असल्याचे त्यांना कळले. पाटलांनी ही गोष्ट जुलै २०२४ मध्ये वर्तमानपत्रात लिहिली आणि ते व दिलीप वेंगसरकर क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी बोलले. कपिल देव यांनी सांगितले की घरच्यांची परवानगी असेल तर आम्ही आमचे निवृत्तिवेतन द्यायला तयार आहोत. गावसकर, मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, रवी शास्त्री, कीर्ती आझाद ही जुनी मंडळी निधीसाठी धावली. १४ जुलै २०२४ रोजी मंडळाने एक कोटी रुपये जाहीर केले. ३१ जुलैला गायकवाड गेले. मधे अवघे सतरा दिवस.

सोबत्यांनी मन मोठे केले आणि मंडळानेही हात आखडता घेतला नाही. तरीपण एक गोष्ट मनाला लागून राहते. हेच गायकवाड २०१९ मध्ये माजी खेळाडूंच्या संघटनेतर्फे क्रिकेट मंडळाच्या सर्वोच्च समितीवर निवडून गेले होते. माजी खेळाडूंची गाऱ्हाणी मांडण्यासाठी जो माणूस निवडला गेला, त्याच्याच दुखण्यासाठी मित्राला वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला! कपिल देव यांनीही त्या वेळी हेच बोट दाखवले, की खेळाडूंसाठी अशी काही व्यवस्थाच नाही, एखादा विश्वस्त निधी पाहिजे. मैत्री होती, पैसाही होता. आधीपासून घातलेली व्यवस्था तेवढी नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या माळशेज घाटाखालच्या ठाणे जिल्ह्यात घडले. विनोद कांबळी हा मुंबईच्या चाळीत वाढलेला मुलगा. १९८८ साली शाळकरी वयात सचिन तेंडुलकरबरोबर ६६४ धावांची भागीदारी केली. १९९३ साली ओळीने दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा. १७ कसोटींनंतर सरासरी ५४ च्या वर. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभात लोकांनी कांबळीची ढासळलेली प्रकृती डोळ्यांनी पाहिली आणि देशभर हळहळ झाली. २१ डिसेंबरला त्याला भिवंडीजवळ काल्हेरच्या आकृती रुग्णालयात दाखल केले. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या असल्याचे निदान झाले. रुग्णालयाच्या प्रमुखांनी यापुढे आयुष्यभर मोफत उपचार करू असे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२५ रोजी तो घरी गेला. सुनील गावसकर यांच्या 'चॅम्प्स' या संस्थेने एप्रिल २०२५ पासून त्याला महिना ३० हजार रुपये हयातभर आणि औषधपाण्यासाठी वर्षाला आणखी ३० हजार रुपये देण्याचे ठरवले.

या 'चॅम्प्स'ची गोष्ट आम्हांस जास्त शिकण्यासारखी वाटते. गावसकरांनी ही संस्था १९९९ मध्येच, अडचणीत आलेल्या जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी सुरू केली. म्हणजे विहीर तहान लागण्याच्या आधीच खणलेली होती. आणि मदत एकरकमी हार घातल्यासारखी दिलेली नाही, महिन्याच्या महिन्याला चालू राहणारी आहे. आजाऱ्याच्या घरी चूल रोज पेटावी लागते. तिला एक दिवसाचा सत्कार पुरत नाही.

आता या मोठ्या नावांवरून जरा खाली उतरू. ओतूरकडून माळशेज घाट उतरून आपण मुरबाडकडे निघालो की पायथ्याच्या बाजूला वैशाखरे लागते. घाटावर आपला ऊस, घाटाखाली त्यांचे भात आणि नाचणी. आपला आजारी माणूस कल्याण-मुंबईला न्यायचा तर गाडी याच रस्त्याने उतरते. समजा, या वैशाखऱ्यातला किंवा आपल्या ओतूर-जुन्नर भागातला एखादा तिशीचा चढाईपटू आहे. संघाला त्याने ढाली मिळवून दिल्या आहेत. एक दिवस त्याची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान होते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. दर खेपेला गाडीभाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, बाहेरचे खाणे. त्याच्यासाठी वर्तमानपत्रात कोण लिहिणार? त्याची सरासरी कुठल्या पुस्तकात छापलेली आहे?

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे मात्र खोटे होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आज राज्यातील सर्व कुटुंबांना लागू आहे. ठरलेल्या यादीतील आजारांवर, योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार होतो. डायलिसिस आणि कर्करोगाचे अनेक उपचार त्यात बसतात. प्रत्येकाने शिधापत्रिका आणि आधार कार्डावरचे नाव आत्ताच तपासून एकसारखे करून ठेवावे. दुखणे आल्यावर नावाची चूक दुरुस्त करीत फिरायची पाळी येऊ नये. खेळाडूंसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कल्याण निधी १९८२ पासून आहे. पण तो मुख्यतः देशाचे नाव राखलेल्या खेळाडूंकरिता. तालुक्याच्या मैदानावर नाव काढणाऱ्या पोराचा तिथवर हात पोचत नाही. आणि योजनेतून दवाखान्याचे बिल भागले तरी कर्त्या माणसाची कमाई थांबते, पोरांच्या फिया थकतात, सोसायटीचे कर्ज तसेच राहते. माणूस दुखण्यातून वाचतो आणि घर त्याच दुखण्यात बुडते, असे आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे.

मग गाव काय करते? वर्गणीची वही निघते. पोरे एखादा सामना भरवून गल्ला गोळा करतात. हे सर्व चांगलेच आहे. पण वहीचा एक दोष आहे. ती पहिल्या आठवड्यात भरते आणि तिसऱ्या महिन्यात कुणाला सापडत नाही. शिवाय ज्याचा गोतावळा मोठा त्याची वही जाड होते. ज्याचे घर वाडीच्या टोकाला, ज्याला चारचौघांत बोलायचा संकोच, त्याची वही निघतच नाही.

या ठिकाणी खाशाबा जाधवांची आठवण करणे अगत्याचे वाटते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला जाणार, तर खर्चाची सोय नव्हती. तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. लोकांनी पैसे दिले तेव्हा पदक कुणी पाहिले नव्हते. पोरगा आपला आहे एवढेच पाहिले होते. आजारी खेळाडूलाही त्याच नजरेने पाहायला हवे. तो किती सामने जिंकला हे मोजून मदत करायची नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वर्गणी ही दयेवर चालते, कपात ही हिशेबावर चालते, आणि हिशेबाची पद्धत सहकाराएवढी कुणालाच ठाऊक नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली. थेंबाथेंबाने तळे कसे साचते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

टनाला आठ आणे, म्हणजे ५० पैसे, एवढेच धरा. ज्याचा ८० टन ऊस जातो त्याचे ४० रुपये होतात. चार माणसांच्या चहाचा खर्च. परंतु एक लाख टनांमागे ५० हजार रुपये जमतात आणि दहा लाख टनांमागे ५ लाख. या निधीतून दवाखान्याचे बिल भरायचे नाही, त्याला योजना आहे. घराला दरमहा ठराविक रक्कम, येण्याजाण्याचे भाडे आणि मुलांची फी, एवढेच पाहायचे. महिना ५ हजार धरले तरी ५ लाखांत आठ घरे वर्षभर तगतात.

यावर काही सभासद म्हणतील, "कारखाना ऊस गाळायला काढला, दवाखाने चालवायला नव्हे." बरोबर आहे. म्हणूनच कपात सक्तीची नको. वार्षिक सर्वसाधारण सभेचा ठराव व्हावा आणि ज्याने लेखी संमती दिली त्याच्याच बिलातून रक्कम जावी. दुसरे म्हणतील, "पैसे मर्जीतल्यांना जातील." ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नये. तेव्हा नियम आधी लिहावेत. अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लागावा. संचालकाच्या नात्यातला अर्ज असेल तर त्या संचालकाने बैठकीत बसू नये. किती घरांना किती रक्कम गेली ते दर तिमाहीला याच पत्रकात छापावे. आजाराचे नाव आणि माणसाचे नाव मात्र छापू नये. दुखण्याची जाहिरात कुणालाच नको असते.

तिसरा आक्षेप व्यसनाचा निघेल. कांबळीच्या बाबतीतही तो निघाला. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील मंडळींनी मदतीची तयारी दाखवली, पण त्याने आधी स्वतः व्यसनमुक्ती केंद्रात जावे असे कपिल देव यांचे म्हणणे होते, आणि कांबळीनेही ते मान्य केले. ही अट आम्हांस योग्य वाटते. मात्र बापाच्या व्यसनापायी पोरांची फी अडवू नये. उपचाराची अट आजाऱ्याला, मदतीचा पैसा घरातल्या बाईच्या खात्यावर, असा सरळ मार्ग आहे.

चौथा प्रश्न नाजूक आहे. घाटाखालचा खेळाडू आपला सभासद नाही, त्याच्याकडे ऊस नाही. त्याला यातून द्यावे काय? आमचे मत द्यावे असे आहे. पहिला हक्क सभासदांच्या घरातील खेळाडूंचा, हे कबूल. पण निधीतला दहावा हिस्सा तरी आपल्या मैदानांवर खेळून गेलेल्या बाहेरच्या खेळाडूसाठी राखून ठेवावा. मैदानावर उतरताना आपण कुणाला शेअरचा दाखला विचारत नाही. ज्याची चढाई पाहून आपल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, तो पडल्यावर त्याला कार्यक्षेत्राची हद्द दाखवणे शोभणारे नाही.

मोठ्या खेळाडूंसाठी मोठी माणसे धावली, आणि त्यांतल्या एकासाठी धावूनही उशीर झाला. आपल्या पोरांसाठी धावायला गावसकर किंवा कपिल देव येणार नाहीत. आपणच आहोत. तरी येत्या वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक गटातील सभासदांनी याची चर्चा करावी, आपल्या गावात कोण खेळाडू अंथरुणाला खिळून आहे याची गुपचूप चौकशी करावी आणि ठरावाच्या सूचना वेळेत पाठवाव्यात. कुणाचे मत याविरुद्ध असेल तर तेही मोकळेपणाने मांडावे. सभा त्यासाठीच असते.