सुपारी कोणाची, गाणे कोणाचे?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता हडपसर ओलांडून मांजरी-लोणी काळभोरच्या दिशेला लागला की लग्नसराईच्या दिवसांत एक नवा व्यवसाय उघड्यावर मांडलेला दिसतो. टेम्पोवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, मागे जनरेटर, आणि या साऱ्याच्या मध्यभागी मिक्सर व लॅपटॉप मांडून उभा असलेला विशी-पंचविशीतला तरुण. या तरुणाला लोक ‘डीजे’ म्हणतात आणि त्याच्या यंत्रसामग्रीलाही ‘डीजे’च म्हणतात. माणसाला आणि यंत्राला एकच नाव पडावे ही गोष्ट वरवर गमतीची वाटेल. परंतु या व्यवसायाचे सारे दुखणे त्या एका नामसाम्यात आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

या तरुणांपैकी ज्यांना संगीताची खरी ओढ आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न नित्य उभा असतो. आपल्याला भावणारे, रात्री जागून आपण जुळवलेले संगीत वाजवावे, की सुपारी हातची जाऊ नये म्हणून यजमान सांगेल ते वाजवावे? सुशिक्षित वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. डीजे म्हटले की त्याच्या कपाळाला आठी पडते आणि ती सर्वस्वी अकारणही नाही. परंतु ही मुले काही आकाशातून पडलेली नाहीत. ती आपल्याच शाळांतून, आपल्याच आळीतून बाहेर पडलेली आहेत. नोकरी मिळेना म्हणून कोणी कर्ज काढून सामान उभे केले आहे, तर कोणी दिवसा हडपसरच्या कारखान्यात नाही तर मगरपट्ट्याच्या कचेरीत राबून संध्याकाळी मिक्सरपुढे उभा राहतो. त्यांच्या प्रश्नाला नाके मुरडून उत्तर मिळणार नाही.

प्रथम ‘सुपारी’ या शब्दाचाच विचार करू. लग्नाच्या बँडला, तमाशाच्या फडाला आणि आता डीजेला, कार्यक्रम ठरवून विसार देणे म्हणजे सुपारी देणे. विडा-सुपारी हाती ठेवून शब्द पक्का करण्याची जी जुनी रीत, तिचा हा अवशेष. (मुंबईच्या गुन्हेगारी जगाने पुढे हा शब्द पळवून त्याला रक्ताचा वास लावला, त्याला बिचाऱ्या वाजंत्र्यांचा इलाज नाही.) सुपारी घेणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच मान्य केलेली असते. प्रसंग दुसऱ्याचा आहे. हळद दुसऱ्याच्या घरची, नवरदेव दुसऱ्याचा, आनंद दुसऱ्याचा. अशा ठिकाणी वधूच्या मामाने एखादे जुने चित्रपटगीत मागितले आणि डीजेने ते वाजवले, तर त्याने कलेशी द्रोह केला असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

आपल्याकडे गाण्याचा धंदा करणाऱ्यांनी असे कधी मानलेले नाही. एके काळी पुण्यातल्या बँडवाल्यांना नवा चित्रपट लागला की त्यातली चालती गाणी तातडीने बसवून घ्यावी लागत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बँडमास्तरची कसोटी गाणे कोणते यावर नव्हती, तर ऐन उन्हात वरातीबरोबर चालताना क्लॅरिनेट सुरात राहते की नाही यावर होती. हडपसरवरून याच सोलापूर रस्त्याने पुढे दौंड तालुक्यात चौफुल्याला गेले की तेथे संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत. तेथला व्यवहारच फर्माईशीचा. समोरचा रसिक लावणी मागतो आणि दौलतजादा करतो. २०१२ साली ज्यांना पद्मश्री देऊन सरकारने गौरविले, त्या वाईच्या यमुनाबाईंची हयात याच परंपरेत गेली. मागितलेली लावणी गाताना त्यांनी तीत जी अदा ओतली, ती मागणाऱ्याची होती काय?

परदेशातील दाखला याहून बोलका आहे, आणि तो खुद्द डीजेंच्या इतिहासातला आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका शाळकरी मुलीने शाळेचे नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या सामाईक खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क. नाचणारी मुले गाण्याच्या एका विशिष्ट तुकड्याची, म्हणजे गायन थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्याची वाट पाहत असतात, हे त्याने हेरले होते. तेव्हा एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. पुढे जगभर गेलेल्या हिप-हॉपचे मूळ येथे सांगतात. म्हणजे ज्याला आपण मोठ्या गांभीर्याने ‘स्वतःची शैली’ म्हणतो, ती येथे गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून जन्माला आलेली नाही. समोरच्याच्या पायांकडे बारकाईने पाहिल्याने ती जन्माला आली.

आणि हे आपल्याकडेही घडले आहे, फक्त त्याची दखल घ्यायला कोणी समीक्षक मोकळा नाही. पुणे, नगर, सातारा या भागांतील डीजेंनी गेल्या काही वर्षांत चित्रपटगीतांच्या खाली हलगी, संबळ आणि नाशिक ढोल यांचे ठेके घालून जो एक प्रकार तयार केला, तो मुंबईच्या स्टुडिओतून आलेला नाही आणि युरोपातूनही नाही. जत्रेत जो ताल कानांवर पडत आला, तोच या मुलांनी संगणकावर चढवला. अशा मिश्रणांत मध्येच एक आवाज डीजेचे नाव पुकारतो. ऐकणाऱ्याला तो त्रासदायक वाटतो खरा, परंतु लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफीत असे, त्याचेच हे यांत्रिक रूप आहे. ‘हे मी केले’ असे सांगण्याची ती धडपड आहे. या मिश्रणांत कच्चे पुष्कळ आहे. मात्र ज्याला त्यातले चांगले-वाईट कळते त्याने नुसते ‘गोंगाट’ म्हणून हात झटकू नयेत.

याची दुसरी बाजू अर्थातच आहे. किशोरी आमोणकरांना मैफलीत कोणाची ढवळाढवळ खपत नसे, हे सर्वश्रुत आहे. आषाढात ज्ञानोबांची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात आणि तेथून एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे वळते. त्या दिंड्यांत अभंगांचा क्रम ठरलेला असतो. रस्त्याकडेच्या माणसाने अमुक म्हणा असे सांगितल्याने तो बदलत नाही. न्यूयॉर्कमध्येच डेव्हिड मँक्युसो नावाच्या गृहस्थाने १९७० पासून आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नाचाच्या रात्री भरवल्या. तेथे मद्यविक्री नव्हती, आणि पुढे तर तो दोन तबकड्यांची सरमिसळही करीत नसे. गाणे आरंभापासून शेवटापर्यंत ऐकवीत असे. त्याला कोणी ‘हे नको, ते लावा’ म्हणू शकत नव्हते. कारण स्पष्ट आहे. या तिन्ही ठिकाणी प्रसंग गाणाऱ्याचा किंवा वाजवणाऱ्याचा स्वतःचा होता, श्रोता तेथे पाहुणा होता. तेव्हा शैलीचा आग्रह कोठे धरावा आणि कोठे सोडावा, याचा निर्णय चारित्र्यावर तितका अवलंबून नाही, जितका तो प्रसंग कोणाच्या मालकीचा यावर आहे.

मग तडजोड म्हणून काही नाहीच काय? आहे, आणि ती गंभीर आहे. फक्त आपण तिला भलत्या जागी शोधतो आहोत. ती गाण्याच्या निवडीत नाही, आवाजाच्या पातळीत आहे.

या धंद्यात सुपारीचा दर कशावर ठरतो ते पाहावे. दोन बेस-दोन टॉपचा सेटअप, की चार बेस-चार टॉपचा? दर ध्वनिक्षेपकांच्या संख्येवर बांधला जातो, वाजवणाऱ्याच्या हातावर नव्हे. मंडळाला शेजारच्या मंडळाहून मोठी भिंत हवी असते. यजमानाला गावात चर्चा हवी असते. गाणे कोणते हे दुय्यम, छातीत हादरा बसला पाहिजे हे मुख्य. येथे माणूस आणि यंत्र यांचे ते एकच नाव आपला अर्थ दाखवते. मागणी डीजे नावाच्या यंत्राला आहे आणि डीजे नावाचा माणूस त्याबरोबर फुकट मिळतो.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे माप फूटपट्टीसारखे सरळ वाढत नाही. आकडा १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. कानाच्या तज्ज्ञांचा हिशेब असा की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी जे मानक घालून दिले, त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. वरातीतला पाहुणा तासाभराने घरी जातो. त्या भिंतीलगत पाच-सहा तास, आणि हंगामात रोज, उभा असतो तो हा आपला पंचविशीतला तरुण. ज्याची सारी उपजीविका कानावर आहे, तो सुपारीसाठी कानच गहाण टाकतो. ‘शैलीशी तडजोड’ हा शब्दप्रयोग याच्यापुढे फार सौम्य वाटतो.

कायद्याचा बडगाही त्याच्यावरच आधी येतो. २०१८ च्या सप्टेंबरात, गणेश विसर्जनाच्या तोंडावर, ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्यांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात बंदीविरुद्ध दाद मागितली असता न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या ज्या कलमाखाली पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती, तेथे २०२४ च्या एप्रिलपासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. वर्गणी जमवणारे मंडळ पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी जमवील. हप्त्यावर घेतलेले सामान जप्त झालेल्या मुलाने काय करावे?

डीजेंचा यावर एक आक्षेप असतो आणि त्यात तथ्य आहे. ढोल-ताशाही कानठळ्या बसवतो, मग बोट आमच्याकडेच का? पुण्यातील हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पथकांतील वादकांची संख्या तिसावर आणली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला त्या निर्बंधाला स्थगिती दिली. ढोलाला जी सहानुभूती मिळाली ती आपल्याला मिळत नाही, याची खंत या मुलांना वाटल्यास नवल नाही. पथकांत शिकलेल्या मध्यमवर्गाची मुले-मुली आहेत आणि टेम्पोवर बहुधा नसतात, हे कारण उघडपणे कोणी बोलत नाही. डेसिबल मोजायचे तर ते दोहोंचे मोजावेत. परंतु दुसऱ्याचाही आवाज मोठा आहे, यामुळे आपला कान वाचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ‘मी नाही म्हटले तर पलीकडचा हो म्हणेल.’ एकट्यादुकट्याने तत्त्व पाळून येथे भागणार नाही, हे खरेच. म्हणून हडपसर, मांजरी, फुरसुंगी या पट्ट्यातील व्यावसायिकांनी एकत्र बसून सुपारीचा कागद एकसारखा करणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय दिसतो. त्या कागदावर आवाजाची मर्यादा आणि थांबण्याची वेळ लिहिलेली असावी, दंड झाल्यास तो कोणी भरायचा हे लिहिलेले असावे, आणि दर बेस-टॉपवर न बांधता तासांवर व माणसावर बांधलेला असावा. गाणी कोणती वाजवायची हा रकाना खुशाल यजमानाला मोकळा सोडावा.

मुंढवा-कोरेगाव पार्ककडच्या मद्यगृहांत वाजवणाऱ्यांची कथा थोडी निराळी आहे. तेथे इंग्रजी धाटणीचे संगीत चालते, हादऱ्याऐवजी गिऱ्हाइकांच्या बिलावर नजर असते आणि मालकाला ‘बॉलिवूड नाइट’ हवी असते. डिसेंबर २०१६ मध्ये गोव्याचा सनबर्न महोत्सव पुण्याजवळ केसनंदला आला, तेव्हा आता आपल्याही संगीताला श्रोता मिळेल असे अनेकांना वाटले असेल. पण अशा महोत्सवात मानाची जागा परदेशी पाहुण्यांना. गावच्या डीजेसाठी दोनच दरवाजे उरतात, वरात नाही तर मद्यगृह. दोन्ही ठिकाणी प्रसंग दुसऱ्याचा. आपली मुले शैली सोडतात म्हणून हळहळणाऱ्यांनी तिसरा दरवाजा कोठे आहे, हे आधी सांगावे.

तो उघडणे फारसे खर्चाचे नाही. हडपसरला माळवाडीत महापालिकेचे विठ्ठल तुपे नाट्यगृह आहे. तेथे महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांना माफक भाड्यात द्यावी. आवाज महापालिकेच्या मापकावर बांधलेला असावा, तिकीट चहाच्या किमतीचे असावे, आणि फर्माईशीला त्या संध्याकाळी मज्जाव असावा. प्रेक्षागृह सुरुवातीला अर्धेही भरणार नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या कलामंडळांनी मनावर घेतले तर पुढच्या वर्षी कदाचित अर्धे भरेल. हलगीचा ठेका वरातीबाहेर कसा वाजतो, शांतपणे बसून ऐकणाऱ्यापुढे तो तग धरतो की नाही, हे त्या मुलांनाही अजून पाहायचेच आहे.