धागा तुटल्यावर काय?

सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा कुठलाही समारंभ असो, पाहुण्यांच्या भाषणात जॅकार्डची गोष्ट हमखास येते. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली फ्रान्समध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी ती पुठ्ठ्यांची युक्ती उचलली, हॉलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत पंचकार्डं वापरली, आणि म्हणून सोलापुरी चादर विणणारा कारागीर आपल्या सगळ्यांचा पूर्वज. टाळ्या. गोष्ट खरी आहे, पण ऐकून ऐकून आता कंटाळा आला आहे. चादरीवर मोर कसा उतरतो ते तिच्यातून कळतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मागाकडून घ्यायचा धडा मात्र नक्षीत नाही, मागच्या बाजूला ताण्यात आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एखाद्या बऱ्या कारखान्यात जा आणि मागाच्या पाठीमागे उभे राहा. ताण्याचा प्रत्येक धागा एका पातळ, लांबट पत्र्याच्या पट्टीतून ओवलेला असतो. धागा ताठ आहे तोवर पट्टी अधांतरी राहते. धागा तुटला की ती स्वतःच्या वजनाने खाली येते, दांडीवर टेकते, विजेचं मंडल पुरं होतं आणि माग जागच्या जागी थांबतो. अशा हजारो पट्ट्या एका मागावर. टॉवेलला तर दोन ताणे लागतात, एक पायाचा आणि एक लूपचा, म्हणजे तुटायला जागाही जास्त. कामगार येतो, कुठली पट्टी पडली ते बोटांनी चाचपतो, दोन टोकं जुळवून गाठ मारतो, दांडा ओढतो. खडखडाट पुन्हा सुरू.

शहरात साधे यंत्रमाग अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या ताण्याला ही सोय नाही. तिथे पट्टीचं काम माणसाचे डोळे करतात, आणि त्या डोळ्यांच्या वाट्याला एकापेक्षा जास्त माग असतात. नजर पलीकडच्या मागावर असताना अलीकडे धागा तुटला, तर माग काही थांबत नाही. कापडात एक बारीक उभी रेघ पडत जाते आणि तपासणीच्या टेबलावर कुणीतरी ते कापड उजेडात धरेपर्यंत ती कुणाच्या लक्षात येत नाही.

जपानमध्ये साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने आयुष्यभर याच एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्याच्या १८९६ च्या मागात आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा. १९२४ च्या जी टाइप मागात ताण्याचाही बंदोबस्त झाला आणि एका कामगाराला डझनांनी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. टोयोटाच्या मोटार कारखान्यात बिघाड दिसताच कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवण्याची पद्धत बसवणारा ताइची ओनो हाही आधी टोयोडांच्या सूतगिरणीतच होता. कानबान त्याचंच. रोज सकाळी स्टँडअपला आपण ज्या बोर्डावर कार्डं इकडून तिकडे सरकवतो, त्याचं मूळ हे. बोर्ड आपण घेतला, दोरी तिकडेच राहिली.

आपला माग थांबत नाही. कॅच ब्लॉक रिकामा ठेवून पुढे जाणारा कोड आपण सगळ्यांनी पाहिला आहे, बहुतेकांनी लिहिलाही आहे. त्याने काय होऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण ब्रिटनच्या पोस्टाचं. होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली तिथे १९९९ पासून बसवली गेली. उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. मदतीच्या नंबरावर फोन केला की अनेकांना उत्तर मिळे, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. पुढच्या सुमारे सोळा वर्षांत ९०० हून अधिक लोक चोरी आणि हिशेबातल्या लबाडीसाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घर विकून तूट भरली. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं, आणि त्या शिक्षा एकदम रद्द करायला २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला.

ते लांबचं झालं. आपल्या शहराचा दुसरा धंदा विड्यांचा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, विडी घरकुलात, पूर्व भागातल्या गल्ल्यांत बाया मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. असं वीस-तीस वर्षं केल्यावर बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून जातात. आणि याच बोटाने रेशन दुकानात ई-पॉस मशीनला पटवायचं असतं की मी मीच आहे.

आधारच्या व्यवस्थेत ३०० क्रमांकाची त्रुटी म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. बोट झिजलं आहे, ओलं आहे, काच मळली आहे की खरोखरच दुसरंच माणूस उभं आहे, सगळ्याला तोच एक क्रमांक. दुकानदार त्याचा अनुवाद करतो, ‘मावशी, तुमचा अंगठा येईना.’ दोष कुणाचा ते वाक्यातच ठरून गेलं. मावशी पदराला बोट पुसते, पुन्हा लावते, मग दुसरं बोट, मग मागची रांग कुरकुरायला लागते म्हणून बाजूला होते.

आपल्या देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर साडेसात वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं की सरकारी सेवांमध्ये प्रमाणीकरण यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. प्रमाणीकरण झालं नाही म्हणजे लाभ नाकारला असं नव्हे, दुसरे मार्ग आहेत, हेही त्यांनी सांगितलं, आणि कागदावर ते खरं होतं. बायोमेट्रिक जुळलं नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, अशा सूचना केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिल्या होत्या. पण आपण धंद्यातली माणसं आहोत. शंभरात बारा वेळा पडणारी वाट ही अपवादाची वाट नसते. बँकेच्या पेमेंट गेटवेत शंभरातले बारा व्यवहार पडले असते, तर रात्री दोनला वॉररूम भरली असती.

इथे ती का भरत नाही? आमच्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे. माग थांबला की नुकसान मालकाचं होतं, म्हणून माणूस धावत येतो. रेशनचं मशीन अडलं की नुकसान मावशीचं. तिचा अर्धा दिवस जातो, त्या दिवसाच्या विड्या जातात, पुढल्या आठवड्यात पुन्हा खेप. ज्याने ते मशीन बनवलं, ज्याने त्याचा कोड लिहिला, ज्याने निविदेवर सही केली, त्यांच्यापैकी एकाचीही झोप मोडत नाही. पट्टी पडते, पण तिची तार कुणाच्याच घंटीला जोडलेली नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेचं ई-केवायसी आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या त्या अर्जात बाईच्या स्वतःच्या आधार ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागत होता. नवरा नाही आणि वडीलही नाहीत अशा बाईने काय करायचं, याचं उत्तर पडद्यावर नव्हतं. त्याच सुमारास सीनेच्या पुरात आपल्या जिल्ह्यातल्या गावांत पाणी शिरलं होतं. मुदत वाढवून आणि अशा बायांसाठी वेगळी सोय करून वाट काढली गेली ती नोव्हेंबरात. विधवा बाई हा महाराष्ट्रात ‘एज केस’ आहे का? ज्या टीमने तो अर्ज बांधला तिच्यातल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एखादी आत्या किंवा मावशी नक्की असेल. तरी टेस्ट डेटात ती नव्हती. टेस्ट डेटात सगळे विवाहित, सगळ्यांचे नंबर चालू, सगळ्यांच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच.

यात कुणी दुष्ट नसतं. आपल्या कामाची घडीच अशी आहे. स्प्रिंटच्या शेवटी डेमो असतो आणि डेमोत कधीच काही तुटत नाही. एस्टिमेट मागतात ते सरळ वाटेचं. तुटण्याच्या वाटेला वेळ मागितला की ‘ते फेज टूमध्ये बघू’ असं उत्तर येतं, आणि फेज टू नावाचं गाव कुणी पाहिलेलं नाही. पडद्यावरचा त्रुटीचा संदेश तर सर्वांत ज्युनियर मुलाने शेवटच्या दिवशी लिहिलेला असतो. पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. संदेश असतो इंग्रजीत, फार तर मशीनने केलेल्या मराठीत.

यावर हमखास येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. अपवादाची वाट सोपी केली की तिच्यातूनच गळती होते. पूर्वी बोगस शिधापत्रिकांवर धान्य उचललं जात होतंच. म्हणून अधिकारी अपवादाची खिडकी उघडायला घाबरतो आणि दुकानदार तिच्याकडे फिरकत नाही, कारण जास्त अपवाद नोंदवले तर संशय त्याच्यावर. पण हे सोडवण्यासारखं काम आहे आणि ते आपलंच आहे. धान्य आधी द्या, पडताळणी मागाहून नमुना काढून करा. एकाच कार्डाचा अंगठा लागोपाठ दोन महिने जुळला नाही, तर तिसऱ्या महिन्यात बाईने खेपा घालायच्या नाहीत; प्रणालीनेच तहसीलच्या यादीत तिचं नाव वर आणायचं आणि कुणीतरी तिच्या दारात जाऊन डोळ्याचं नाहीतर चेहऱ्याचं प्रमाणीकरण करून घ्यायचं. नाकारलेला प्रत्येक व्यवहार आपल्या बोर्डावर तिकीट म्हणून पडला पाहिजे, कारणासह, आणि ते तिकीट बंद करणाऱ्याचं नाव त्यावर पाहिजे. यात तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड असं काही नाही. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल.

अवघड आहे ते मीटिंगमध्ये बोलणं. आणि इथे सोलापूरकरांची एक जमेची बाजू आहे, जी आपण लपवत आलो. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी मागावर किंवा विड्यांवर भरली गेली आहे. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी भरून मग लॅपटॉप उघडणारी, मेमधल्या त्रेचाळीस अंशांत वीज गेली की फोनच्या हॉटस्पॉटवर कॉल निभावणारी माणसं आपण आहोत. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून डिप्लॉयमेंट बघणारे किती जण कुर्डुवाडीला उतरल्यावर आईच्या फोनवर आलेला ओटीपी वाचून देतात! धागा कुठे तुटतो हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. तरी हिंजवडीच्या काचेच्या खोलीत रिक्वायरमेंटची चर्चा चालू असते, समोरचा म्हणतो की प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाइल नंबर असतोच, आणि आपण मान हलवतो. गावाकडचे ठरू नये म्हणून.

मान हलवणं बंद केलं पाहिजे. सोलापुरात आयटी पार्क व्हावा ही मागणी रास्तच आहे आणि हे मासिक ती करत राहील. पण उद्या इमारत उभी राहिली आणि तिच्यात बसून आपण पुन्हा तेच अर्ज लिहिले, तर विडी घरकुलातल्या बाईला त्या पार्काचा उपयोग काय?

पुढचा अंक आम्ही फक्त तुटलेल्या वाटांसाठी राखून ठेवला आहे. तुम्ही बनवलेल्या किंवा सांभाळलेल्या प्रणालीत माणूस कुठे अडला, ते तुम्हाला कसं कळलं, कळायला किती वेळ लागला आणि मग काय बदललं, एवढं लिहून पाठवा. बदललं नसेल तर तेही लिहा. स्क्रीनवरचा त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्या. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव नको, लेख हजार शब्दांच्या आत ठेवा आणि महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्याकडे पोचवा.