खडीचा डंपर आणि एक जुनी मर्डर केस

रांजनोली नाका, सकाळचे पावणेदहा. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये दहाला स्टॉक-ऑडिट, आणि आमच्या कॅबपुढे खडीने भरलेला डंपर. पंचवीस मिनिटं समोर फक्त काळा दगड! म्हणून आज त्याचीच गोष्ट. पान उलटू नका मंडळी, मर्डर मिस्ट्री आहे.

बळी: ग्लोबोट्रंकाना. समुद्रात तरंगणारा एकपेशीय जीव. मोहरीहून लहान, पण थाट बघा, चुन्याचं कवच, त्यात गोलाकार मांडलेले कप्पे, वर कडेला कंगोरा. क्रेटेशियस काळात याची चलती होती. मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरसोबत याचंही खानदान साफ झालं.

डायनोसॉरवर सिनेमे निघाले, याला कुणी विचारत नाही. खरं तर केस उघडली ती असल्या कवचांमुळेच. इटलीत गुब्बिओजवळच्या चुनखडीत वॉल्टर अल्वारेझला दिसलं, की खाली ही मोठी कवचं खच्चून भरलीयेत, मग सेंटिमीटरभर मातीचा थर, आणि त्यावर एकदम चिल्लर जीव. मधल्या मातीत इरिडियम निघालं. जमिनीवर दुर्मीळ, उल्कांमध्ये मुबलक. १९८० मध्ये वॉल्टर, वडील लुईस आणि सहकाऱ्यांनी थेट लघुग्रहावर बोट ठेवलं. पुढे मेक्सिकोत चिकशुलुबचं विवरही सापडलं.

पण दुसरा संशयित लोकल आहे! डंपरमधला हा बेसॉल्ट म्हणजे दख्खनचा लाव्हा, त्याच काळाच्या आगेमागे ओतलेला. सोबत कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. समुद्र आंबट झाला, तर चुन्याच्या कवचाचं काय होणार? गेर्टा केलर ही संशोधिका लाव्हालाच मुख्य आरोपी मानते. तिच्या टीमने २००८ मध्ये आंध्रातल्या राजमुंद्रीचा पुरावा मांडला. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ आहे, आणि त्यात विनाशानंतर लगेचचे इवलेसे जीव. तो लाव्हा सह्याद्रीकडूनच हजारेक किलोमीटर वाहत गेला, असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे आपल्या माणसाचे ठसे थेट बंगालच्या उपसागराकाठी!

बहुतेक शास्त्रज्ञ अजूनही मुख्य घाव लघुग्रहाचाच मानतात. लाव्हा साथीदार होता का, यावर भांडणं चालूच आहेत. मला विचाराल तर, घरचा असला म्हणून त्याला इतक्यात क्लीन चिट देऊ नये.

"मॅडम, डंपर हलला," ड्रायव्हरकाका म्हणाले. दहा वाजून दहा मिनिटं. ऑडिटवाल्यांना काय सांगू, लाव्हामुळे उशीर झाला?