खाडा पडला तरी चालेल

चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत महिनोन्महिने एकही खाडा न करता तुम्ही सगळे कामाला जाता. तुमच्या हजेरीवर घर चालतं. हजेरी बोनसचे पैसे गॅसला लागतात, मुलांच्या फीला लागतात. म्हणून ताप असला तरी गोळी घेऊन तुम्ही फर्स्ट शिफ्टची बस पकडता. त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

क्रिकेटपटू सुनील गावसकरांचंच उदाहरण घ्या. ते 1975 ते 1987 या काळात सलग 106 कसोटी सामने खेळले. मग फेब्रुवारी 1987 मध्ये कोलकात्याच्या कसोटीला ते स्वतःहून उतरले नाहीत. साखळी तुटली. पण त्याच मालिकेत, पुढच्याच महिन्यात, अहमदाबादला त्यांनी कसोटीतल्या 10,000 धावा पूर्ण केल्या. तोवर जगात कुणीच तिथवर पोचलं नव्हतं. एका खाड्याने त्यांचं काय गेलं?

अमेरिकेतले बेसबॉल खेळाडू कॅल रिपकेन तर सलग 2,632 सामने खेळले. सप्टेंबर 1998 मध्ये त्यांनी आपण होऊन प्रशिक्षकाला सांगितलं आणि त्या दिवशी बाहेर बसले. पुढे 2001 पर्यंत ते खेळतच होते. त्यांच्याआधी हा विक्रम लू गेरिग यांच्या नावावर होता, 2,130 सामन्यांचा. 1939 मध्ये अंगातली ताकद जात असल्याचं जाणवलं, तेव्हा तेही स्वतःच थांबले. आजार मज्जातंतूंचा निघाला. दोन वर्षांत ते गेले.

एवढ्या मोठ्या माणसांनी थांबण्यात कमीपणा मानला नाही. तुम्हीही मानू नका.

मैदानात दमलेल्या माणसाचा झेल सुटतो. पॉवर प्रेसवर दमलेल्या माणसाची बोटं जातात. पत्रा डायखाली सरकवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचं. हे पाळीभर हजारदा होतं. तापाच्या गोळीने डोळा जड झाला, हात काढायला क्षणभर उशीर झाला, तर बोट परत येत नाही. हजेरी बोनस पुढच्या महिन्यात पुन्हा मिळतो. आणि डबल शिफ्ट करून पहाटे मोशीकडे दुचाकीवर निघालेल्याला नाशिक रस्त्यावरचे कंटेनर सांभाळून घेत नाहीत.

तेव्हा एवढं करा.

ताप, चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर मशीनवर उभं राहू नका. पाळी सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरला कळवा. फोन केलात तरी एक मेसेजही टाका, लेखी राहतं.

पगाराची स्लिप काढून बघा. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी कापली जात असेल तर तो तुमचाच पैसा आहे, वापरा. ठेकेदाराकडे असलात तरी तुमचा ईएसआयसी नंबर मागून घ्या आणि घरात लिहून ठेवा. चिंचवडला मोहननगरात ईएसआयसीचं रुग्णालय आहे. नियमाप्रमाणे वर्गणी भरलेली असेल आणि तिथल्या डॉक्टरांचा दाखला असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. आजाराचे पहिले दोन दिवस बहुधा धरले जात नाहीत, हे लक्षात असू द्या. दाखला मात्र पहिल्याच दिवशी घ्या. बरे झाल्यावर धावपळ केली तर उपयोग होत नाही.

पगारी रजाही तुमच्या हक्काची आहे. वर्षातले ठरावीक दिवस भरले की दर 20 दिवसांच्या कामामागे एक रजा जमते. किती जमल्या, ते ऑफिसात विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही. कुणी तसं भेडसावलं तर एकटे भांडू नका, चार जण मिळून विचारा.

घरच्या मंडळींनाही विनंती आहे. तो किंवा ती आज घरी राहिली, तर बोनस बुडाला म्हणून टोचून बोलू नका. जेवायला वाढा आणि झोपू द्या.

आणि ज्यांचं दुखणं आठवडाभर अंगावर आहे, त्यांनी रविवारची वाट बघू नये. उद्याच डॉक्टरांकडे जावं.